तिरडीवरचं हसू

कोल्हापूर
१२ ऑगस्ट २०२५

आक्का,

पायावर डोकं ठेवतो.

तू म्हणालीस, लिहून पोट भरतोस आणि सख्ख्या बहिणीला एक पत्र लिहायचं म्हटलं की बोटं झडतात काय तुझी. घे, लिहिलं. खरं तर बरंच झालं. फोनवर तुझ्यामागं दाजी, सूनबाई आणि निम्मी गल्ली असते, माझ्यामागं अख्खं युनिट. काही गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात.

आधी गोड बातमी. वर्षाला दिवस गेलेत, पाचवा लागेल आता. नऊ वर्षांनी, आक्का! तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं तीच म्हणाली, म्हणून गप्प बसलो. रागावू नकोस. तिला आई नाही, सासू नाही, जे काय आहे ते तू. दिवाळी झाली की सातव्यात ओटी भरायची. तिनं आत्तापासून ठरवलंय, पहिली ओटी वन्संची, मग बाकीच्यांची.

आता रडगाणं. आमच्या 'उंबऱ्याबाहेरची' सिरियलचं काही खरं दिसत नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर एक बंद पडलेलं गुऱ्हाळघर भाड्यानं घेऊन आम्ही भूत उभं केलं. सातव्या महिन्यात पोटातल्या बाळासकट गेलेली हौसा. वर्षानं पोटाला उशी बांधून जीव तोडून काम केलं. आणि चॅनेलच्या आदिती मॅडम मुंबईहून रोज फोन करतात, 'सर, भीती वाटत नाहीये.'

वाटणार कशी? सिनेमाला माणूस अंधारात बसतं, उठून जाता येत नाही, दोन तासांत काय व्हायचं ते होतं आणि सुटका होते. इथं रोज बावीस मिनिटं, मध्ये साबणाच्या जाहिराती, आणि सुटका करायची नाही, कारण सुटका झाली की सिरियल संपली. दार करकरलं की घरातल्या सगळ्यांची तोंडं तीनतीनदा दाखवायची. आजचा धक्का उद्या परत 'काल आपण पाहिलंत' म्हणून वाढायचा, शिळ्या भाकरीसारखा. मॅडम म्हणाल्या, हौसा का फिरते त्याला कारण द्या. दिलं. तर लोकांना तिची दया यायला लागली. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या बायका नारळ आणि खण घेऊन सेटवर आल्या. 'बिचारीची ओटी भरायची राहिली म्हणं.' भुताची ओटी भरली, आक्का! वर्षा पांढरं फासलेल्या तोंडानं रडत बसली आणि सगळा मेकअप वाहून गेला.

दिवाळीपर्यंत लोक भ्याले नाहीत तर सिरियल बंद. चाळिशी उलटल्यावर मिळालेलं हे एकच मोठं काम आहे, हे गेलं की मला परत कुणी दारात उभं करणार नाही. तू रोज बघतेस. माझी शपथ, खरं सांग, भ्यायला होतं का?

तुझा
पृथ्वी


नेसरी
१९ ऑगस्ट

पिर्थ्या,

तुझं पत्र वाचलं आन् आदी देवाम्होरं साखर ठेवली. मग दारात उभं ऱ्हाऊन समद्यास्नी वरडून सांगितलं. तुझं दाजी म्हणाले, आपल्या घरात इतका दंगा लेकाच्या लग्नात बी न्हवता. लई सोसलं पोरीनं. तिला उपाशी ठेवू नगंस. चिंचंचा गोळा आन् भाजल्या शेंगा धाडल्यात, तू खाऊन संपवू नगं म्हंजे झालं.

भ्यायला हुतंय का म्हणून इचारलंस. आरं कशाचं रं भ्या? तुझी हौसा येती तवा आमचं जेवाण असतंय. सूनबाई मला म्हणती, मामी, आली बघा, हिच्यापुढं बी ताट ठिवा. परवा ती उशी सरकून पार बगलंला गेलती, शेजारची शालूबाई हसून हसून ठसका लागून पडायची ऱ्हायली. पावणं रोजच यायला लागलं तर त्याला कोण चहा बी इचारत न्हाई, आन् तू म्हणतोस भ्या वाटू दे. वाईच दोन दिस तिला घरात बसीव. न्हाई आली की माणूस इचार करतंय, कुटं गेली आसंल म्हणून. ते जास्ती वंगाळ असतंय.

एक आपलं सांगते. वर्षाला आता ती उशी सोडाय लाव. दुसरी कोण बाई न्हाई व्हय एवड्या कोल्हापुरात? पोटुशीनं असलं काय करू न्हाई म्हणत्यात. मी म्हणत न्हाई, लोकं म्हणत्यात. मी कशाला भीत बसू.

तुझी
आक्का


कोल्हापूर
३ सप्टेंबर

आक्का,

चिंच संपली, आणि मी हात लावला नाही, वर्षाला विचार.

इकडं काय झालं ते ऐक. आदिती मॅडम न सांगता सेटवर आल्या आणि वर्षाचं पोट त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता हिला काढणार, दुसरी आणणार, आणि दुसरी हौसा लोक घेणार नाहीत. पण बाई टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, ती उशी फेका.

फेकली. संध्याकाळी गुऱ्हाळातल्या रस आटवायच्या काहिलीजवळ कंदिलाच्या उजेडात वर्षाला उभं केलं. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं. संवाद नाही, काही नाही, नुसतं बघायचं. आणि आतनं बाळानं लाथ मारली, आक्का. लुगड्यावरनं दिसली. उजेड वळवायला थर्माकोल धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातातनं थर्माकोल पडला.

मी इतके महिने भिंतीवर डोकं आपटत होतो. हिरवे दिवे, धूर, किंचाळ्या, आणि बघणारा घरात बसून म्हणतोय, हे खोटं आहे. आता त्याला तसं म्हणता येत नाही. भूत खोटं, गुऱ्हाळ खोटं, पण पोट खरं आहे. त्या आठवड्यापासून टीआरपीचे आकडे चढायला लागलेत. मॅडम मला 'सर'च्या पुढं 'जी' लावतात.

तू म्हणालीस उशी सोडायला लाव, बघ, सोडली की नाही! वर्षाची ना नाही. म्हणते, इतकी वर्षं बालनाट्यात परी आणि सिरियलीत कुणाची तरी वहिनी झाले, पहिल्यांदा लोक माझ्याकडं बघतायत. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे.

ओटीभरणाचा दिवस ठरला. रविवार, ९ नोव्हेंबर. आमच्या इमारतीतल्या बायका आणि तू. हिरवी साडी तुझ्या पसंतीची आण. तू आदल्या दिवशीच ये, दाजींना आण, सूनबाईला आण.

आणि सिरियलबद्दल अजून काही लिहिलं नाहीस. आता तरी दचकतेस का नाही?

पृथ्वी


नेसरी
१५ सप्टेंबर

पिर्थ्या,

टीवी बिगाडलाय. त्यामुळं काय बघितलं न्हाई.

९ तारखंचं आत्ताच काय सांगू? माझं गुडघं धरल्यात. म्हस व्यायला झालीया, तिला सोडून कुटं जाऊ? तवर ऊसतोड बी सुरू हुतीया, टोळी आली की घरातनं हलायला मिळत न्हाई. सूनबाईचं बी न्हाई जमायचं. तिचं लग्न हून वरीस बी झालं न्हाई, तिचा पाळणा अजून हलायचा हाय, तिला मी कुटं धाडत न्हाई. साडी घेऊन ठिवते, कुणी आलं गेलं तर धाडीन.

तब्येतीला जपा म्हणावं. शेंगा अजून पायजेत काय?

आक्का


कोल्हापूर
४ ऑक्टोबर

आक्का,

मंगळवारी दाजी गूळ घेऊन मार्केट यार्डात आलते. घरी आले, बसले. वर्षानं चहा आणला तर म्हणाले, उपास आहे. मंगळवारचा कसला उपास? मी त्यांना जन्मात एकादशी धरताना बघितलं नाही. कप तसाच राहिला, साय धरली त्याच्यावर.

मग मी टीव्हीचं विचारलं. दाजींना खोटं बोलायला येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणाले, टीवीला काय धाड भरलीया, चांगला चाललाय की. वर्षा पडद्यावर आली की तू उठून चुलीम्होरं जाऊन बसतेस. बाधा नको म्हणून चौकटीला बिब्बा बांधलायस. सूनबाईला सिरियल बघायला बंदी केलीस. आणि म्हैस गणपतीतच व्यालीय.

वर्षा आत भांडी घासत होती. पाण्याचा आवाज थांबला एवढं मला कळलं. त्या दिवसापासून ती तुझं नाव काढत नाही. आधी रोज विचारायची, वन्संचं पत्र आलं का.

मला तुझा राग आलाय, आक्का. फोनवर, पत्रात, हसतेस आमच्यावर, आणि आमच्या घरचा चहा चालत नाही तुम्हाला? आई गेल्यावर मला ज्या बाईनं काखेत मारून वाढवलं, ती माझ्या बायकोला बघून बिब्बा बांधते?

आणि हे मी कुणाला सांगू? आकडे परत उतरलेत. पोट बघायचीही लोकांना सवय झाली. आक्का, रोज दाखवलं की कशाचीच भीती उरत नाही, मी काय करू? आता चॅनेलला हौसाचं मरण पाहिजे. मागं काय घडलं ते. तिरडी, हळदीकुंकू, हिरवा चुडा, सगळं. दिवाळीच्या आधी शूटिंग. नाहीतर महिन्याअखेर गाशा गुंडाळा, असा निरोप आहे. तिरडी खोटी आहे, कळक आणि गवत. मीच लिहिलाय प्रसंग. लिहून झाल्यावर दोन वेळ जेवलो नाही.

सरळ लिही. येणार आहेस का नाही?

पृथ्वी


नेसरी
१० ऑक्टोबर

पिर्थ्या,

व्हय. भ्याले. झालं समाधान?

तू श्रावणापास्नं इचारतोस, दचकतीस का, दचकतीस का. मी हसत हुते, का तर उशी हुती. उशीला कोण भितंय. तुझं दुसरं पत्र आलं आन् कळलं, उशी गेली, आता पोट खरं हाय. त्या राती टीवी लावला तर वर्षा लुगडं नेसून काहिलीपाशी उभी. म्होरं कोण माणूस न्हाई, निस्ती पोटावर हात ठिवून बघतीया. मला ती म्हाईत हाय रं. ह्या घरात तिनं जोंधळं निवडल्यात, माझ्या डोस्क्याला त्याल लावलंय. आन् मला वाटलं, ही आमची न्हवं. उठून चुलीपाशी बसले ते दिवा घालवूच दिला न्हाई कुणाला.

आमच्याकडं पोटुशी बाई गेली की तिला अळवंतीण म्हणत्यात, तुला ठावं हाय. तिचं नाव बी घेत न्हाईत तिन्हीसांजंला. आन् तू रोज घराघरात माझ्या भावजयीला ते नाव पाडलंस. लोकाला खोटं वाटत आसंल. मला खरं वाटतंय. मी अडाणी, मला म्हण काय म्हणायचं ते. बिब्बा बांदला, व्हय. माज्या सूनंसाटी बांदला. वर्षाच्या चहाला तुझं दाजी न्हाई भ्यालं, मीच त्यास्नी सांगून धाडलंतं, घेऊ नगा म्हणून. त्यास्नी बोलू नगंस.

माझं येणं व्हायचं न्हाई. तिच्याम्होरं बसून ओटी भरायला मला भ्या वाटतंय. म्हस, गुडघं समदं खोटं हाय.

खरं एक ऐक. तुझ्या पाया पडते. मी थोरली हाय तरी पडते. तिला तिरडीवर निजवू नगंस. कळकाची आसू दे न्हाईतर सोन्याची. पोटात लेकरू असताना न्हाई निजवायचं. सिरियल बंद पडू दे. हितं येऊन ऱ्हावा, भाकरी काय जड न्हाई मला. न्हाई निजवायचं, पिर्थ्या.

आक्का


कोल्हापूर
१८ ऑक्टोबर

आक्का,

तुझं पत्र काल मिळालं. शूटिंग मंगळवारीच झालं.

मी काय लिहू? थांबायला हवं होतं, पोस्टाची वाट बघायला हवी होती, असलं काही लिहीत नाही. पत्र आधी आलं असतं तरी मी थांबलो असतो का, हे मला सांगता येत नाही. दहा वेळा स्वतःला विचारलं.

वर्षाच म्हणाली, करून टाकू. आडवी झाली. नाकात कापूस घातला, तोंडावर गुलाल. चौघांनी उचलली. ती इतकी गप्प पडलेली की मीच पुढं होऊन हाक मारली. माझ्यामुळं शॉट वाया गेला, परत घ्यावा लागला. दोनदा उचलली, आक्का.

एवढं मात्र नीट केलं, ते सांगतो. आमच्या युनिटात एक रीत आहे. कुणी मेल्याचा शॉट दिला की त्याच जागी, त्याच कपड्यात त्याला हसायला लावायचं आणि ते हसणं कॅमेऱ्यात घ्यायचं. मग मरण अंगाला चिकटत नाही. आमचा कॅमेरामन जुन्या वळणाचा, त्यानं कॅमेरा बंदच केला नाही. म्हणाला, वहिनी, हसल्याशिवाय उठायचं नाही. वर्षा तिरडीवर कोपर टेकून अर्धी उठली, कॅमेऱ्याकडं बघून हसली, आणि मगच मी तिला हात दिला. रीत पाळली. तुझ्या मनाला तेवढा तरी आधार.

गुरुवारी, ३० तारखेला तो भाग लागणार आहे. आक्का, आजवर दारोदार फिरून 'बघा, बघा' म्हणत आलो. आज तुला सांगतो, बघू नकोस. टीव्ही खरंच बिघडव हवं तर.

९ तारखेचा आग्रह करत नाही.

पृथ्वी


कोल्हापूर
१ नोव्हेंबर

आक्का,

तू बघितलंस का नाही मला ठाऊक नाही. पण कुणी तरी मोबाइलवर दाखवलं असेलच.

एडिटिंग मुंबईला होतं. तिथं बसलेल्याला आमची रीत काय माहीत? तिरडीवरची बाई डोळे उघडून हसताना त्याला दिसली, त्याला वाटलं, दिग्दर्शकानं शेवटचा झटका म्हणून घेतलंय. त्यानं ते हसू भागाच्या अगदी शेवटाला लावलं, हळू केलं, खाली संगीत घातलं. मी घरात टीव्हीसमोर बसून बघितलं, आणि माझ्या शेजारी वर्षा. माझ्या तोंडातनं किंचाळी निघाली. स्वतःच्या बायकोला बघून, आक्का. ती माझ्याकडं बघत राहिली.

झालं. आम्हाला जे जमत नव्हतं ते एका चुकीनं करून दाखवलं. लोकांनी टीव्ही बंद केले म्हणे. ते हसू आता सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतंय. आदिती मॅडमचा फोन आला, आनंदानं रडत होत्या. सिरियल वर्षभर वाढली. आणि म्हणाल्या, सर, डिलिव्हरी झाली की हौसाचं बाळ म्हणून तेच बाळ घेऊ, खरं बाळ, खरी भीती.

मी फोन ठेवला. काल लेखी कळवलं, आम्ही दोघंही नाही. त्यांनी दुसरा लेखक नेमला, मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर. पण जे घेतलंय ते त्यांचं आहे. मी सोडलं तरी ते हसू सुटत नाही. दर जाहिरातीत तेच.

खालच्या मजल्यावरची बाई लेकराला घेऊन जिन्यात होती. वर्षा सवयीनं हसली. त्या बाईनं पोराच्या डोळ्यांवर हात ठेवला. तेव्हापासून वर्षा हसत नाही. हसू आलं की पदर तोंडाला लावते. आरशावर तिनं टॉवेल टाकलाय. तिरडीच्या शूटिंगपासून जेवण दोन घास. डॉक्टर म्हणाले, वजन घटतंय, रक्तदाब वर जातोय, असं चाललं तर बाळाला धोका आहे. औषधं दिलीत, म्हणाले, हिला माणसात ठेवा. माणसं कुठून आणू?

ओटीभरणाला बोलावलेल्या बायका एकेक करून फोन करतायत. कुणाचे गुडघे, कुणाचे पाहुणे. वर्षा म्हणाली, राहू दे, रद्द कर, भुताच्या बाईची कोण ओटी भरणार. काल विचारत होती, मला काय झालं तर मी तुम्हाला तशी दिसेन का हो. मी नुसता पाणी आणायला उठलो. शब्दांवर जगणारा माणूस मी.

तुला ये म्हणत नाही. सगळ्यांत आधी तूच मला खरं सांगितलंस. आता कळतंय ना तुला, मी किती भ्यालोय? कुणाला तरी सांगायचं होतं.

पृथ्वी


नेसरी
५ नोव्हेंबर

पिर्थ्या,

हे पत्र दुधाच्या गाडीवरच्या गुंडूजवळ देते, पोष्टाचा भरवसा न्हाई. फोन लावू नगंस, मी उचलायची न्हाई. बोलाय लागले की रडायला हुतंय आन् मग सांगायचं ऱ्हातंय.

बघितलं मी. तू बघू नगं म्हणालास म्हणूनच बघितलं. शालूबाई आन् गल्लीतल्या समद्या आमच्याच सोप्यात बसलेल्या. त्या हसण्याला शालूबाई वरडली, सूनबाईनं मला मिठी मारली, मी बी वरडले. रातभर दिवा. त्येच्यात काय खोटं सांगू.

दुसऱ्या दिशी सूनबाईच्या मोबायलात ते परत आलं. तिनं भिऊन आवाज बंद केला. आन् मी म्हटलं, दे हिकडं. ते मुजिक न्हवतं, निस्तं हसणं. येकदा बघितलं, परत बघितलं. आरं, ती डावा हात कंबरंला लावून उठती. आमच्या हितं भुईवरनं उठताना अशीच उठायची, आन् अवघडली की असंच हसायची, आदी व्हट दाबून धरणार मग दात दिसणार. 'वन्सं, हात द्या की,' म्हणायची. तसंच बघतीया रं ती. कुणीतरी हात देतंय काय म्हणून. पोरगी दमलीया, तिला उटवंना झालंय, आन् लोकं टीवी बंद करून पळाल्यात. मी बी त्यातलीच.

मग काल डेअरीत शालूबाई समद्या बायकांम्होरं म्हणाली, आक्का, बरं झालं तू जात न्हाईस, असल्या बाईची ओटी भरून घरात काय आणायचं? मीच तिला पयल्यांदा तसं म्हटलंतं. माझंच बोलणं हुतं ते. तिच्या तोंडातनं ऐकलं आन् माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, कोण म्हणतंय जात न्हाई? मी शनवारच्या गाडीनं चाललेय. कॅन तितंच ठिवून आले, तुझं दाजी मागनं घेऊन आले. आता बोलून बसलेय, माघार न्हाई.

भ्या गेलंय आसं समजू नगंस. अजून हाय. गाडीत बसले तरी आसंल, तुझ्या जिन्यात चढताना तर लईच आसंल. बिब्बा मी सोडला न्हाई, सूनबाईनं सोडला. म्हणाली, मामी, मी बी येते. मी न्हाई म्हणून बघितलं, ऐकंना. तवा दोघी येतोय.

दुसरी बाई कोण येऊ दे न येऊ दे, पाट मांडून ठेव. आरशावरचा टावेल काढ. त्या मुंबईच्या बाईचा फोन आला तर माझ्याकडं दे, बाळाचं नाव काढलं म्हंजे काय आसतंय ते तिला मी सांगते. तू मधी बोलू नगंस, तुझ्यानं हुयाचं न्हाई.

आन् वर्षाला आदीच सांगून ठेव. ओटी भरताना माझा हात कापंल. तांदूळ सांडतील. तिनं वंगाळ वाटून घ्यायचं न्हाई. माझ्याकडं बघून हसायचं, पदर तोंडाला न लावता, दात दिसू दे. मी दचकंन. खरं उटायची न्हाई.

आक्का